जिल्हा बदलला, तालुका बदलला, गाव मात्र भलतंच : ड्रॉपडाऊनचा घोळ, जाणकारांनी प्रकाश टाकावा

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. आधीच सांगतो, मी काही प्रोग्रामर नाही, गणित शिकवतो. पण पुण्यातल्या एका विद्यार्थी वसतिगृहाचा प्रवेश अर्ज ऑनलाइन करून द्यायचं काम गळ्यात पडलं (पडलं म्हणजे मीच हौसेने घेतलं). अर्जात तीन ड्रॉपडाऊन (दाबलं की उघडणाऱ्या याद्या) आहेत, जिल्हा, तालुका, गाव. जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी बदलते, तालुका निवडला की गावांची. हे सगळं युट्यूब बघत बघत केलं, चाललं पण, मी पेढे वगैरे वाटले.

मग परवा ऑफिसात अर्जांचे प्रिंट लावत बसलो होतो तर एक अर्ज हातात आला. जिल्हा रत्नागिरी, तालुका खेड, गाव चाकण.

चाकण!

दोनदा चष्मा पुसला. मुलाच्या वडलांना फोन केला तर ते म्हणाले, "सर आमचं गाव लोटे, पण यादीत लोटे काय सापडेना, मग चाकण नाव ओळखीचं दिसलं, एमआयडीसी आमच्याकडेपण आहे आन् तिथंपण आहे, म्हटलं तेच दाबतो, फॉर्म तर जाऊदे पुढं." आता गंमत (गंमत कसली) अशी की आमच्याकडे लांबच्या मुलांना आधी जागा देतात आणि अंतर गावावरून काढतो. चाकण म्हणजे पुण्यापासून तिसेक किलोमीटर, त्यामुळे पोरगं थेट वेटिंग लिस्टच्या तळाला. चूक माझ्या कोडची आणि फटका त्याला.

शिवाय अजून दोन तक्रारी आहेत. एक, कधी कधी जिल्ह्याखाली दुसऱ्याच जिल्ह्याचे तालुके दिसतात, पण मी करून बघितलं की बरोबर दिसतात. दोन, काही जणांचं म्हणणं की शेवटचं बटण दाबलं तर काहीच होत नाही, एरर पण येत नाही.

कोड इथे टाकायला गेलो तर नुसत्या चौकटी दिसतायत, म्हणून शब्दात लिहिलं. सांभाळून घ्या.

---

गावठी_कोडर

सर, पहिली तक्रार वाचूनच कळली. गावांची यादी तुम्ही तालुक्याच्या नावाने ठेवली असणार. म्हणजे एक मोठं ऑब्जेक्ट (कोडमधली यादी), त्यात "खेड" ही की (शोधायची किल्ली) आणि तिच्यासमोर गावं. बरोबर?

---

पाटीपेन्सिल

बरोबर! कसं ओळखलं?

---

गावठी_कोडर

कारण सगळेच हे एकदा करतात :) महाराष्ट्रात खेड दोन आहेत, एक पुण्यातलं (राजगुरुनगरवालं) आणि एक रत्नागिरीतलं. जेसनमध्ये (अशी यादी साठवायची पद्धत) एकच की दोनदा आली की ब्राउझर तक्रार करत नाही, आधीची गुपचूप पुसतो आणि शेवटची ठेवतो. तुमच्या फाईलमध्ये रत्नागिरीचं खेड आधी आणि पुण्याचं नंतर आलं असणार, म्हणून रत्नागिरीच्या अख्ख्या खेड तालुक्याला पुण्याची गावं. तो एकच अर्ज नाही, तिकडून आलेले सगळे अर्ज तपासा.

आणि खेडवर थांबू नका. कर्जत रायगडात आहे आणि अहिल्यानगरात पण आहे. मालेगाव नाशिकला आणि वाशीमला. कळंब धाराशिवला आणि यवतमाळला. कारंजा वाशीमला आणि वर्ध्याला. शिरूर तर पुण्यात आहेच, शिवाय बीडमध्ये शिरूर कासार आणि लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ, आणि लोक बोलताना नुसतं शिरूरच म्हणतात.

---

तर्रीबाज

म्हणजे अहिल्यानगरच्या कर्जतवाल्याने नेरळ निवडायचं आणि माथेरानला जायची गाडी पकडायची. राशीनच्या पोराला फुकटात थंड हवेचं ठिकाण. हलके घ्या.

---

डेटाबेसवाली

यावर उपाय नाव वापरायचं नाही हाच. ड्रॉपडाऊनच्या प्रत्येक ऑप्शनला दोन गोष्टी असतात, लोकांना दिसतो तो मजकूर आणि आत जाते ती व्हॅल्यू. दिसू दे "खेड", आत कोड (म्हणजे त्या जागेचा ठरलेला क्रमांक) जाऊ दे. केंद्र सरकारची लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरी आहे, त्यात जिल्हा, तालुका, गाव सगळ्यांना कोड दिलेले आहेत, तेच घ्या, स्वतःचे नवीन काढत बसू नका. गावाच्या ओळीत तालुक्याचा कोड, तालुक्याच्या ओळीत जिल्ह्याचा कोड. प्रत्येकाच्या नावापुढे बापाचं नाव, बास.

आणि नावं बदलतात हो. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. ज्यांनी नाव हीच ओळख धरली होती त्यांचे निम्मे जुने अर्ज एका नावाने आणि निम्मे दुसऱ्या नावाने पडलेत, आता मोजणी करायची तर दोन्ही शोधा. माझ्या आधीच्या नोकरीत एका रिपोर्टमध्ये ३६ ऐवजी ३९ जिल्हे आले होते आणि साहेबांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, हे तीन कधी झाले? मी खाली मान घालून बसले.

अजून एक. यादी कुठून उचललीत ते बघा. २०११ च्या जनगणनेची असेल तर त्यात पालघर जिल्हाच नाही, तो १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. वसई, डहाणू, जव्हार, मोखाडा सगळे ठाण्याखाली दिसतील आणि पालघरचा माणूस जिल्हाच शोधत बसेल.

---

पाटीपेन्सिल

ताई, २०११ चीच आहे :( आत्ता बघितलं, ३५ जिल्हे आहेत. मी मोजले पण नव्हते, आणि म्हणे गणिताचा मास्तर.

---

नागपुरी_संत्रं

अजून एक भानगड येते भाऊ, नावाच्या टायपिंगची. मराठीत एकच शब्द दिसायला सेम आणि आतून वेगळा असू शकतो. 'ॲ' हे एक अक्षर म्हणून टाइप करता येतं आणि 'अ' ला वर चंद्र लावून पण, डोळ्याला फरक नाही दिसत पण कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. एक्सेलमधून कॉपी केलं की नावाच्या शेवटी एक स्पेस चिकटून येते ती वेगळीच. मी एकदा "वर्धा" आणि "वर्धा " मध्ये पूर्ण शनिवार घालवलाय. कोड वापरला की ही कटकटच संपते.

---

पाटीपेन्सिल

कोडचं पटलं. आज रात्री तेच करतो. पण दुसऱ्या जिल्ह्याचे तालुके दिसतात त्याचं काय, तिथे तर नावं दोनदा नाहीत. जिल्हा बदलला की मी सर्व्हरला विचारतो आणि आलेले तालुके भरतो.

---

कंटाळलेला_टेस्टर

हळू नेट असलेल्या माणसाला दिसतं ना? तुम्हाला वायफायवर नाही दिसणार. क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्कच्या टॅबमध्ये वेग कमी करायची सोय आहे, थ्रीजी लावा आणि पटापट तीन जिल्हे बदला. दिसेल.

---

गावठी_कोडर

टेस्टरभाऊ बरोबर. सर, असं होतंय बघा. माणूस चुकून पुणे निवडतो, तुमचा कोड सर्व्हरला सांगतो पुण्याचे तालुके दे. लगेच त्याच्या लक्षात येतं आणि तो रत्नागिरी करतो, दुसरी मागणी गेली. आता दोन माणसं दोन दुकानात पाठवलीत, पहिला आधी परत येईल अशी गॅरंटी नाही. रत्नागिरीवाला आधी आला, ९ तालुके भरले, सगळं छान, आणि मग पुण्याचा रमतगमत आला आणि त्याने यादीवर आपली यादी ओतली. वर रत्नागिरी, खाली हवेली मुळशी मावळ. फॉर्मला काहीच चुकलंय असं वाटत नाही.

दोन उपाय. सोपा म्हणजे उत्तर आल्यावर भरायच्या आधी एकदा बघायचं, की वरच्या ड्रॉपडाऊनमध्ये आत्ता जो जिल्हा आहे तोच मी विचारला होता का? नसेल तर उत्तर टाकून द्यायचं. एक इफ (अट), एवढंच. दुसरा म्हणजे ॲबॉर्ट कंट्रोलर, नवीन मागणी पाठवताना जुनी रद्दच करायची, फेचला (मागणी पाठवणाऱ्या फंक्शनला) तो जोडता येतो. मी दोन्ही करतो, पण तुम्ही पहिला केलात तरी भागेल.

आणि यापेक्षा महत्त्वाचं, जिल्हा बदलला त्या क्षणी, उत्तर यायची वाट न बघता, तालुका आणि गाव दोन्ही रिकामे करा. "तालुके आणत आहे..." एवढी एकच ओळ ठेवा. कोड लिहिणारे बहुतेक लोक फक्त तालुका रिकामा करतात आणि गाव तसंच राहतं. आजोबा बदलला की नातवाला पण कळायला पाहिजे.

---

ऐकून_वाचणारा

मी स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरतो, माउस वापरत नाही, तर एक सांगू का. विंडोजवर क्रोममध्ये ड्रॉपडाऊन बंद असताना खालचा बाण दाबला की प्रत्येक दाबेला चेंज इव्हेंट (निवड बदलल्याची सूचना) सुटतो. मला अहिल्यानगरपासून रत्नागिरीपर्यंत जायचं असेल तर मधले सगळे जिल्हे एकेक करून "निवडले" जातात आणि तुमच्या सर्व्हरला वीसेक मागण्या जातात. म्हणजे गावठी_कोडर म्हणतायत ती दोन दुकानांची गोष्ट माझ्या बाबतीत वीस दुकानांची आहे, आणि नेट चांगलं असलं तरी. म्हणून शेवटच्या बाणानंतर पाव सेकंद थांबून मग मागणी पाठवा.

दुसरं, खालची यादी बदलली हे मला दिसत नाही. एका कोपऱ्यात आरिया लाइव्ह (मजकूर बदलला की रीडरला कळवणारी खूण) लावलेली एक छोटी ओळ ठेवा, "रत्नागिरीचे ९ तालुके आले" एवढं लिहा त्यात, माझा रीडर वाचून दाखवेल. आणि कृपा करून निवड केली की आपोआप पुढच्या खान्यात उडी मारू नका. डोळस लोकांना ते स्मार्ट वाटतं, मला मात्र चालता चालता कुणी खांद्याला धरून वळवल्यासारखं वाटतं.

---

पाटीपेन्सिल

अहो उडी मारतो माझा फॉर्म :( मला वाटलं सोयीचं होईल. काढतो. खरंच मनापासून आभार, हे मला कधीच कळलं नसतं.

---

जुना_पोस्टबॅक

तुम्हा लोकांचं बरंय. आमच्या काळी डॉट नेटमध्ये ऑटो पोस्टबॅक ट्रू करायचो आणि जिल्हा निवडला की आख्खं पान सर्व्हरला जाऊन परत यायचं, पांढरं व्हायचं, स्क्रोल वर जायचा, आणि सायबर कॅफेतला माणूस म्हणायचा "हँग झालं वाटतं" आणि परत रिफ्रेश मारायचा. व्ह्यू स्टेट म्हणून एक लांबलचक शेपूट पानासोबत ये-जा करायचं. एक्सएमएल एचटीटीपी रिक्वेस्ट (आख्खं पान न बदलता सर्व्हरशी बोलायची सोय) म्हणजे जी गोष्ट इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये १९९९ पासून होती, तिला २००५ मध्ये एजॅक्स असं नाव मिळालं आणि मग सगळ्यांना जाग आली. आम्ही हुशारी करून जावास्क्रिप्टने तालुके भरले तर डॉट नेट म्हणायचं, ही व्हॅल्यू मी दिलीच नव्हती, घेणार नाही. इनव्हॅलिड पोस्टबॅक. तेव्हा त्याला शिव्या घातल्या, पण आता वाटतं त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

---

डेटाबेसवाली

काका, हाच माझा पुढचा मुद्दा होता. सर, ब्राउझरमध्ये कितीही नीट केलंत तरी सर्व्हरवर परत तपासा. अर्ज आला की गाव या तालुक्यात आहे का, तालुका या जिल्ह्यात आहे का, एक क्वेरी (डेटाबेसला प्रश्न), नाही म्हणाली तर अर्ज परत. तुमच्या सर्व्हरने हे विचारलं असतं तर रत्नागिरी-खेड-चाकण टेबलात शिरलंच नसतं आणि तुम्हाला चष्मा पुसावा लागला नसता.

---

वेगवान_विठ्ठल

एवढं सगळं कशाला, रिॲक्टमध्ये (पानं बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) करा ना. स्टेट बदललं की सगळं आपोआप रेंडर होतं.

---

तर्रीबाज

आला. मी वाटच बघत होतो, दहा प्रतिसाद झाले तरी कुणी रिॲक्ट कसं म्हणेना.

---

गावठी_कोडर

विठ्ठलभाऊ, रिॲक्टमध्ये पण उशिरा आलेलं उत्तर उशिराच येतं, यूज इफेक्टच्या क्लीनअपमध्ये (जुनं काम आवरायच्या जागी) ते रद्द केलं नाही तर हाच घोळ तिथेही. आणि सरांना तीन ड्रॉपडाऊन करायचेत, तीन मजली इमारत नाही.

---

वेगवान_विठ्ठल

ओके ओके, ते क्लीनअपचं खरंय. गप्प बसतो.

---

नागपुरी_संत्रं

सर, एक साधा हिशोब. तालुके सर्व्हरकडून मागायलाच कशाला पाहिजेत? ३६ जिल्हे आणि साडेतीनशेच्या वर तालुके, देवनागरीत एकेका चिन्हाला ३ बाइट धरले तरी सगळं मिळून वीस-पंचवीस केबी. तुमच्या वसतिगृहाचा लोगो याच्यापेक्षा जड असेल. ते पानातच टाकून द्या, जिल्हा निवडला की तालुके लगेच, मागणी नाही, वाट नाही, शर्यत नाही. गावं मात्र ४४ हजारांच्या आसपास आहेत, ती सगळी मोबाईलवर लादू नका, तालुका निवडल्यावर तेवढीच मागवा.

---

पाटीपेन्सिल

बापरे, मी उलटं केलंय! तालुके सर्व्हरवरून आणतो आणि गावांची अख्खी फाईल पानात आहे. म्हणून पान उघडायला वेळ लागतो होय. मला वाटायचं होस्टिंग स्वस्तातलं आहे म्हणून.

आता बटणाचं कुणीतरी सांगा. हे पालक लोक फोन करतात, "सर दाबतोय, दाबतोय, काय होत नाही."

---

कंटाळलेला_टेस्टर

फॉर्ममध्ये लपवलेलं एखादं खानं आहे का? म्हणजे काहीतरी निवडलं तरच दिसणारं?

---

पाटीपेन्सिल

आहे. प्रवर्गाचा ड्रॉपडाऊन आहे, खुला सोडून काहीही निवडलं की जात प्रमाणपत्राचा क्रमांक विचारतो. खुला असेल तर तो खाना डिस्प्ले नन करून लपवतो.

---

कंटाळलेला_टेस्टर

आणि त्याला रिक्वायर्ड लावलंय.

---

पाटीपेन्सिल

...हो.

---

कंटाळलेला_टेस्टर

मग झालं. खुल्या प्रवर्गाच्या माणसाला तो खाना दिसत नाही, पण ब्राउझरच्या लेखी तो फॉर्ममध्येच आहे आणि भरायलाच पाहिजे. ब्राउझर तिथे नेऊन "हे भरा" असं सांगायला जातो तर खाना लपलेला, तिथे फोकसच जात नाही. मग तो बिचारा कन्सोलमध्ये (प्रोग्रामर लोकांसाठीच्या नोंदीत) एक लाल ओळ लिहितो आणि गप्प बसतो, आणि कन्सोल कुठला पालक उघडणार. मी हा बग आयुष्यात किती वेळा लिहिला असेल, आता शीर्षक कॉपी पेस्टच करतो.

उपाय, लपवताना त्याला डिसेबल (बंद) पण करा. डिसेबल खान्याची तपासणी होत नाही. एकापेक्षा जास्त खाने असतील तर सगळे एका फील्डसेटमध्ये (खान्यांच्या गटात) घाला आणि फील्डसेटच डिसेबल करा, आतले सगळे एकदम गप्प. दाखवताना उलट.

---

डेटाबेसवाली

फक्त लक्षात ठेवा, डिसेबल केलेल्याची व्हॅल्यू सर्व्हरला जातच नाही. इथे ते हवंच आहे (आधी प्रवर्ग निवडून क्रमांक टाकला, मग खुला केला, तर तो क्रमांक जायला नकोच). पण उद्या तुम्ही अर्ज दुरुस्तीचं पान कराल, तिथे जिल्हा बदलू नये म्हणून डिसेबल कराल, आणि सेव्ह केलं की जिल्हा कोरा. सिलेक्टला (म्हणजे ड्रॉपडाऊनला) रीडओन्ली (नुसतं बघायचं, बदलायचं नाही) चालत नाही, त्यामुळे जिल्हा नुसता मजकूर म्हणून दाखवा, आणि सेव्ह करताना त्या रकान्याला हातच लावू नका.

---

गावठी_कोडर

दुरुस्तीच्या पानावरून आठवलं. तिथे साठवलेलं गाव परत दाखवताना सगळे आपटतात. जिल्हा सेट केला, तालुका सेट केला, गाव सेट केलं, सगळं एका दमात, आणि गाव कोरंच. कारण गावांची यादी अजून वाटेत आहे, जो ऑप्शन यादीतच नाही तो निवडणार कसा. अवेट (उत्तर येईपर्यंत थांब असं सांगणारा शब्द) लावून यादी भरू द्या आणि मग निवडा. शिवाय कोडमधून व्हॅल्यू बदलली की चेंज इव्हेंट आपोआप सुटत नाही, माणसाने बदलली तरच सुटतो. म्हणून यादी भरायचं काम वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा आणि दोन्हीकडून तेच बोलवा.

---

ऐकून_वाचणारा

यादी लावताना क्रम पण बघा. साधं सॉर्ट मारलं तर युनिकोडच्या क्रमाने लावतो, त्यात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आपण शाळेत तो ह नंतर शिकलोय. लोकेल कंपेअरला (भाषेप्रमाणे क्रम ठरवणाऱ्या फंक्शनला) एमआर म्हणजे मराठी सांगून बघा. मोठ्या यादीत एकेक नाव ऐकत जाणाऱ्याला क्रम चुकला की परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

---

तर्रीबाज

वाचनखूण साठवली. माझा काहीही संबंध नाही, मी मसाल्याचा धंदा करतो, पण मजा आली वाचून.

---

पाटीपेन्सिल

मंडळी, तीन रात्री गेल्या पण झालं. नवीन यादी घेतली, कोड वापरले, पालघर आला. तालुके पानात, गावं तालुक्यागणिक. जिल्हा हलवला की खालचे दोन्ही साफ. उडी काढली. फील्डसेट केला. सर्व्हरवरची तपासणी लावली आणि ती जुन्या अर्जांवर पण चालवून बघितली, तर गावठी_कोडर म्हणाले तसंच, एक नाही, एकूण ७ अर्ज निघाले. खेडचे ४, कर्जतचे २ आणि कळंबचा १. सगळ्यांना फोन करून खरं गाव विचारलं. लोट्याच्या मुलाचं अंतर परत काढलं, तो आता पहिल्या यादीत आहे. वडलांना कळवलं तर म्हणाले, "सर, मग आता लोटे दिसतंय का यादीत?" म्हटलं दिसतंय. म्हणाले, "धाकट्याला पुढल्या वर्षी लागंल."

टेस्टरभाऊ, लिंक व्यक्तिगत निरोपात पाठवलीय, तुमच्या पद्धतीने एकदा ठोकून बघा.

---

कंटाळलेला_टेस्टर

बघितलं. थ्रीजीवर दहा वेळा जिल्हा बदलला, मिश्रण होत नाही. बाण दाबत गेलो, ठीक. प्रवर्ग तीनदा फिरवला, बटण चालतं.

मग मुंबई शहर निवडलं. तालुका कोरा. गाव कोरं. दोन्ही रिक्वायर्ड. मुंबई शहर जिल्ह्यात तालुकेच नाहीत सर.

---

पाटीपेन्सिल

आलोच.